बाईंच्या दाराची साखळी

“हिरवी आहे,” बाई म्हणाल्या आणि पडद्यावरच्या खुणेवर नखानं टकटक केलं. मग चहाचा कप उचलला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “नाना, साखर संपलीय का घरात?”

“तुम्हाला शुगर हाय म्हणून कमी टाकली.”

“शुगर मला आहे. चहाला नाही.”

हे आमचं रोजचं. दिवेलागणीला बाई भिंत धरत माझ्या घरी यायच्या, कॉम्प्युटरची फायरवॉल चालू आहे का ते बघायच्या, हिरवी खूण दिसली की चहा प्यायच्या, चहाला नावं ठेवायच्या आणि जायच्या. त्या दिवशी मात्र उंबऱ्यात थांबल्या. गुडघा चोळला. म्हणाल्या, “उद्या सकाळचा चहा तुम्ही घेऊन या माझ्याकडे. तुमचा हा उंबरा मला आता झेपत नाही.”

मी बघतच राहिलो. ह्या बाईनं गल्लीतल्या एकाही माणसाला ‘या’ म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

“ऐकलंत का? साखर घालून,” म्हणाल्या, आणि गेल्या.

आमचं शेवटचं बोलणं ते. साखरेवर संपलं.

बाई म्हणजे टायपिंगवाल्या बाई. भिवंडीत आमच्या गल्लीच्या दोन्ही अंगाला लूमचे कारखाने आणि मधे आमची बैठी घरं. दिवसभर खटाखट. पाहुण्याला वाटतं डोकं फुटेल. आम्हाला मात्र लाईट जाऊन लूम थांबले की जाग येते. माझ्या आणि बाईंच्या घरात एकच भिंत, तीही एकेरी विटेची. पुढच्या खोलीत त्यांचा क्लास होता. आधी टाइपरायटर होते, मग ते गेले आणि कॉम्प्युटर आले, मग गुडघे गेले आणि क्लासही गेला. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं नाही, कारण प्रश्न विचारायचं काम बाईंचं होतं.

तुम्हीही आपल्या गल्लीत असं एखादं माणूस बघितलं असेल. दार वाजवलं की ह्या बाईचं दार चार बोटं उघडायचं. आत साखळी. साखळीच्या वर चष्म्याचं एक भिंग. आणि तीन प्रश्न.

“कोण? कशाला? कुणी सांगितलं?”

दूधवाला रोजचा, पण त्यालाही रोज तीन. सिलिंडरवाला खांद्यावर टाकी घेऊन उभा असला तरी तीन. गणपतीची वर्गणी मागायला पोरं गेली की ती आधीच एका सुरात ओरडायची, “आम्ही! वर्गणीला! बाप्पानं सांगितलं!” बाई साखळीआडून म्हणायच्या, “बाप्पाची चिठ्ठी आणा.” एकदा त्यांच्या पायरीवर मांजर येऊन बसलं होतं. त्याला विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

माझी बायको हसून हसून लोळायची. म्हणायची, “यम जरी आला ना, तर बाई त्याला दारातच विचारतील. तो बिचारा ‘कुणी सांगितलं’ला अडकंल आन् माघारी जाईल.”

हसायचो आम्ही. पण त्यात काही चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. एकटी बाई. शिफ्ट सुटली की गल्लीतून अनोळखी माणसांची रीघ लागते. मी आयुष्यभर टेम्पो चालवला, कापडाचे तागे इकडून तिकडे नेले. माणसं कशी असतात ते मला ठाऊक आहे.

आमचं घर मात्र उलट. आमचं दार कधी लागायचंच नाही. कारण माझी बायको धवलारीण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गातात. ते गाणारी बाई ती धवलारीण. मांडव घातल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं. आणि सगळ्यात आधी असतं आवतण. वज्रेश्वरीच्या देवीपासून खाडीच्या काठावरच्या शेंदूर फासलेल्या दगडापर्यंत, मेलेल्या आज्यापणज्यांपर्यंत, सगळ्यांना नावानं बोलवायचं. एकालाही वगळायचं नाही. वगळलेला रुसतो आणि मांडवात विघ्न आणतो. हिचं म्हणणं, जिच्या तोंडून सगळ्या देवांना आवतण जातं तिच्या दारातून कुणाला ‘नको’ म्हणून परत पाठवायचं नसतं. विकणारा आला तर घेऊ नका, पण पाणी विचारा. असं आमचं घर.

ही दुपारी गाण्याचा सराव करायची. बाईंचा क्लास पण दुपारीच. आवाज चढला की भिंतीवर टक टक यायची. ही दोन ओळी हळू म्हणायची आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा चढायची. पुन्हा टक टक. एवढीच त्या दोघींची ओळख. इतक्या वर्षांत समोरासमोर बसून बोलल्या असतील असं मला आठवत नाही.

मग ही आजारी पडली. छातीतच दुखणं, त्यामुळं दम पुरेना. पोरगी माहेरी आली ती पंधरवडाभर राहिली आणि आईचे जेवढे येतील तेवढे धवले फोनवर भरून घेतले. ही उशीला टेकून गायची, मधे खोकायची, मधे पाणी मागायची, सगळं भरलं गेलं. पोरीनं ते घरच्या कॉम्प्युटरवर घातलं. हा कॉम्प्युटर तिचाच, लग्नाआधी ती घरी हिशेबाचं काम करायची तेव्हाचा. पडद्यावर एक पिवळी पिशवी केली, खाली ‘आई’ लिहिलं. म्हणाली, “बाबा, ह्याच्यावर दोनदा दाबलं की आई गाईल.”

दिवाळीआधी ही गेली. नंतर पोरीचा फोन पाण्यात पडून खराब झाला. म्हणजे हिचा आवाज जगात एकाच जागी उरला, माझ्या घरातल्या त्या डब्यात. पोरगी म्हणायची, पुढच्या वेळी आले की दुसरीकडे उतरवून ठेवते. पुढची वेळ येत नव्हती. तिच्याही घरी सासू अंथरुणाला.

मी रोज लावायचो. सकाळी लावायचो, जेवताना लावायचो. मला रडता येत नाही, नुसते डोळे लाल होतात. पोरीनं गाणं लावायला शिकवलं होतं तेवढंच मला यायचं. बाकी पडद्यावर अधूनमधून चौकोन यायचा, काहीतरी विचारायचा. चौथीपर्यंतची शाळा, इंग्रजी वाचता येत नाही. एबीसीडी नंबरप्लेटीमुळं ओळखतो तेवढीच. पण कुणीतरी काहीतरी मागतंय एवढं कळायचं. दोन बटणं असायची. एक ‘येऊ दे’चं, एक ‘नको’चं, पोरीनं सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी ‘येऊ दे’ दाबायचो. धवलारणीच्या घरात नको कसं म्हणायचं?

तुम्हाला हसायला येईल. हसा.

एक दिवस सकाळीच फोन आला. माणूस गोड बोलत होता. “सर, हम कंप्यूटर की कंपनी से बोल रहे हैं. आपके कंप्यूटर में बहुत बड़ी खराबी आयी है. आज ठीक नहीं किया तो सब उड़ जाएगा.”

मी विचारलं, “गाने भी?”

“सब, सर.”

त्या ‘सब’नंतर तो सांगेल तसं मी करत गेलो. तो एकेक अक्षर सांगायचा, मी बोटानं शोधून दाबायचो. एक चौकोन आला, ‘येऊ दे’ म्हटलं. दुसरा आला, ‘येऊ दे’. मग म्हणाला, “अब एक शील्ड का निशान दिखेगा. वो फायरवॉल है, वही गड़बड़ कर रहा है. बंद कर दीजिए.” ढालीसारखं चित्र होतं, त्यावर हिरवी खूण. मी माझ्या हातानं बंद केली. हिरव्याच्या जागी लाल फुली आली.

आणि मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला.

मी हात मागे घेतला. माउसला कुणाचा हात नव्हता आणि बाण फिरत होता. इकडे उघड, तिकडे उघड, जसं कुणी आपल्या घरात शिरून कपाटं उचकतंय आणि आपण खाटेवर बसून बघतोय. फोनवरचा म्हणाला, “सर, अब बैंक का कार्ड हाथ में लो, नंबर बोलो.”

“बैंक का क्या काम?”

“बोलो ना सर, टाइम कम है.”

“पहले गाने दिखाओ.”

बाण पिवळ्या पिशवीवर गेला. थांबला. त्याला कळलं, म्हाताऱ्याचा जीव कुठं आहे ते. मग त्याची भाषा बदलली. “ए बुड्ढे, ये देख.” बाणानं ती पिशवी उचलली, ओढत ओढत कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर नेली आणि सोडली. पडद्यावर ‘आई’ होतं तिथं काही नव्हतं.

“ये तो अभी डिब्बे में है. एक बटन दबाऊँगा तो हमेशा के लिए गया. मशीन बंद की तो भी गया. नंबर बोल.”

टेम्पोवर मी गुंड बघितलेत, नाक्यावर कॉलर धरणारे बघितलेत. कुणाला घाबरलो नाही. त्या दिवशी घाबरलो. कार्ड हातात होतं. पहिले आकडे ओठांवर आले होते. आणि काय सुचलं ठाऊक नाही, मी उठून भिंतीवर मूठ मारली. दोनदा. मग आणखी दोनदा.

पलीकडून आवाज आला नाही. मग साखळी पडल्याचा आवाज आला.

बाई अनवाणी आल्या. गुडघ्यांची बाई, कशा आल्या देव जाणे. माझ्या उंबऱ्याच्या आत त्यांचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा पडला. मला एक प्रश्न विचारला नाही. पडद्याकडं बघितलं, टेबलामागं वाकल्या आणि भिंतीतून येणारी इंटरनेटची वायर डब्यातून उपटून काढली. बाण जागच्या जागी मेला.

मग माझ्या हातातला फोन घेतला. “कोण?”

“मैडम, हम कंपनी से...”

“कशाला?”

“मैडम, आप हिंदी में...”

“कुणी सांगितलं?”

पलीकडून फोन कट झाला. बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं चष्मा पुसला. “यांना उत्तर येत नाही,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “बाई, हिचा आवाज गेला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही कुणाचा आवाज. खुर्ची ओढून बसल्या. “डबा उघडू. पालिकेची गाडी येईपर्यंत कचरा घरातच असतो.” त्यांनी कचऱ्याच्या डब्यावर दोनदा दाबलं. पडद्यावर ढीग दिसला, जुनी चित्रं, काय काय. खाली खाली गेल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. आणि पिवळी पिशवी दिसली. ‘आई’.

“ही का?”

“हीच.”

बाईंनी बाण तिच्यावर नेला आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. एकेक करून गल्लीतले लूम थांबले. आधी समोरचे, मग मागचे. अशी शांतता झाली की नळाचा थेंब पडलेला ऐकू यावा.

“परत ठेवलंत का?” मी विचारलं.

“दाबायचं राहिलं.”

“म्हणजे गेलं?”

“जायला नको.”

“जायला नको म्हंजे काय? हाय का न्हाय ते सांगा.”

“नाना, मी टायपिंगची बाई आहे, ज्योतिषी नाही. गप्प बसा.”

बसलो. ऐकताना, विचार करताना बाईंची बोटं मांडीवर चालायची. जुनी सवय, टाइप केल्यासारखी. त्या अंधारलेल्या खोलीत तेवढीच बोटं हलत होती. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “कोणती गाणी होती त्यात?”

“सगळी. आवतणापासून.”

“दुपारची?”

“दुपारचीच. पोरीनं दुपारीच भरून घेतली.”

बोटं थांबली. “मग मी भिंत वाजवली असेल.”

बाई काळ्या पडद्याकडंच बघत होत्या.

“तेव्हा क्लास बंद झाला होता माझा,” म्हणाल्या. “वाजवायची गरज नव्हती. सवय. ती हळू झाली की मला कळायचं, बाई ऐकतेय आपलं.”

एवढ्यात कोपऱ्यावरच्या कारखान्यात एक लूम धडधडला. मग दुसरा. मग सगळी गल्ली. लाईट आली होती. बाईंनी बटण दाबलं. तो जुना डबा उठायला जो वेळ लावतो तो लावला. मी देवीला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. पडदा उजळला, कचऱ्याचा डबा उघडला, पिशवी तिथंच होती. बाईंनी ‘परत ठेव’ दाबलं. ती आपल्या जागी येऊन बसली.

“लावा,” बाई म्हणाल्या.

मी दोनदा दाबलं. हिचा आवाज आला. लूमच्या खटाखटीत आधी नीट कळेना, मग कळला. आवतण चाललं होतं. वज्रेश्वरीच्या आईला बोलावून झालं, गावदेवीला झालं, आणि तिथं टक टक. स्पष्ट. आणि हिचं हसणं, आणि गाणं सोडून हिचा तो टोमणा, “आली बाईंची टकटक! अवो बाई, भिंतीतून काय बोलताव? यायचं तर दारानं या. दार उघडंच हाय.”

मग खोकला. मग पुन्हा गाणं.

ते मी रोज ऐकत होतो. पण भिंत वाजवणारी माझ्या शेजारी बसून ऐकेल असं कधी वाटलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, “पेन ड्राइव्ह आहे का घरात? नाही? मी आणते. आधी हे दोन जागी ठेवायचं, मग बाकी. एकाच जागी जीव ठेवतं का कुणी?”

बाई गेल्या आणि मी दारात उभा राहिलो, डबा पुन्हा काही करू नये म्हणून राखण केल्यासारखा.

पुढचं काम बाईंनी जेवणवेळ टळेपर्यंत केलं. गाणी उतरवली. मग आपल्या मोबाइलवरून पोरीला फोन लावला आणि बँकेत कळवायला सांगितलं. पोरगी तिकडं रडायला लागली तर तिलाही दटावलं, “नंतर रड. आधी बँक.” त्या हरामखोरानं माझ्या हातानं जे घालून घेतलं होतं ते शोधून काढून टाकलं. आतली सगळी झडती घेतली. मग ढालीचं चित्र उघडलं.

“हे काही विकत आणायचं नसतं. कॉम्प्युटरबरोबरच येतं. फायरवॉल.”

“भिंतच ना ती? मग मधे ‘फायर’ कशाला?”

“तुम्ही गोदामात माल टाकायचात ना? एका गाळ्याला आग लागली तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे जाड भिंत असते की नाही? ती.”

हे मला लगेच कळलं. पुठ्ठ्यासारखी भिंत असलेली गोदामं कशी जातात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यांनी लाल फुलीवर दाबलं. हिरवी खूण आली. अशी दोन-तीन जागी केली. मग विचारलं, “ही वायर कुणाची?”

“केबलवाल्याची. एका डब्यावर आमची चार घरं चालतात.”

“आणि तुम्ही कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय की हे माझं घर, इथं सगळे आपलेच.”

“चारी घरं आपलीच हायत.”

“घरं आपली. त्यातल्या मशिनीत कोण बसलंय ते तुम्हाला ठाऊक आहे?” आणि तिथं ‘घरचं’ होतं ते ‘सार्वजनिक’ करून टाकलं. म्हणजे बाजारात उभं राहिल्यासारखं सावध राहायचं, असं म्हणाल्या.

मग यादी उघडली. आजवर ज्यांना ज्यांना मी ‘येऊ दे’ म्हटलं होतं ते सगळे तिथं बसलेले, प्रत्येकाच्या पुढं बरोबरची खूण. एवढे पाव्हणे माझ्या घरात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी एकेकावर बोट ठेवलं.

“हा कोण?”

“म्हाइत न्हाय.”

“कशाला?”

“काय की.”

“कुणी सांगितलं?”

“मीच. दाबलं.”

खूण काढली. पुढचा. “कोण?” असं खालपर्यंत. मी चिडलो. म्हटलं, “बाई, आमच्यात दारातून कुणाला परत पाठवत नाहीत.”

बाईंनी मान वळवली. “नाना, तुमची बायको सगळ्या देवांना बोलवायची. बरोबर?”

“बरोबर.”

“नावानं बोलवायची की नाही? की नुसतं, या रे कुणी पण?”

बाई पुन्हा यादीकडं वळल्या.

शेवटी दोनच ठेवले. त्यातलं एक, पोरगी तिकडून ज्यावर व्हिडिओ लावून बोलते ते. मी म्हटलं, “सगळेच काढा की. झंझट नको.”

“सगळं बंद ठेवून चालत नाही,” बाई म्हणाल्या. “ज्याला ओळखतो त्याच्यासाठी एक खूण ठेवावी लागते. नाहीतर आपणच आत कोंडून मरायचं.” हे बोलल्या आणि बोटं मांडीवर चालायला लागली.

मग वायर परत लावायची वेळ आली. मला ती लावायचीच नव्हती. बाईंनी लावली. आम्ही दोघं बाणाकडं बघत बसलो. बाण हलला नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तर मी दचकून उठलो. बाण हलला नाही. “आता गाणं लावा,” बाई म्हणाल्या, “आणि मला चहा द्या.”

तेव्हापासून त्या रोज यायला लागल्या. त्या म्हणायच्या हिरवी खूण तपासायला. मला खूण बघता येत होती. त्यांनाही ठाऊक होतं मला येते.

पडद्यावर चौकोन आला की आता मीही त्याला विचारायचो, मोठ्यानं, “कोण? कशाला? कुणी सांगितलं?” उत्तर नसलं की ‘नको’. पहिल्यांदा ‘नको’ दाबलं तेव्हा हिच्या फोटोकडं बघून म्हटलं, ह्याला तू बोलावलं नव्हतंस.

एक दुपार सांगतो आणि मग संपवतो. मी जेवून आडवा झालो होतो. डोळा लागला आणि हिचं गाणं ऐकू आलं. माझा कॉम्प्युटर तर बंद होता. उठून बसलो. आवाज भिंतीतून येत होता. मी भिंतीला कान लावला. आवतण चाललं होतं. टक टक आली. “यायचं तर दारानं या,” ही म्हणाली. मग थांबलं. मग पुन्हा मागून लावलं. पुन्हा टक टक. पुन्हा “दार उघडंच हाय.” किती वेळा लावलं असेल, मोजलं नाही. तेवढाच तुकडा.

संध्याकाळी चहाला विचारलं, “दुपारी काय लावलं होतंत?”

बाई कपात बघत म्हणाल्या, “तपासत होते. माझ्याकडच्या ड्राइव्हवर नीट उतरलंय का.”

“उतरलंय का?”

“एक जागा शंकेची वाटली. परत परत ऐकावी लागली.”

मी साखरेचा डबा पुढं केला. शुगर असून. घेतली त्यांनी, एक चमचा, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

तर शेवटची संध्याकाळ मी वर सांगितली. हिरवी खूण, साखर, “तुम्ही घेऊन या.” रात्री मी झोपलो, लूम चालू होते, चांगली झोप लागली.

सकाळी उठलो. आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. इतक्या वर्षांनी त्या घरी पहिल्यांदा जायचं म्हणजे बनियनवर जाता येत नाही. चहा केला, साखर दोन चमचे, घरातले बरे कप काढले, हिच्या माहेरचे. किटली आणि कप घेऊन बाईंच्या दाराशी गेलो. कोपरानं दार वाजवलं आणि उत्तर तयार ठेवून उभा राहिलो.

प्रश्न आला नाही.

पुन्हा वाजवलं. दूधवाला पायरीवर पिशवी ठेवून गेला होता, तो आज प्रश्नाशिवाय गेला असणार. मी हाक मारली, “बाई?” तिसऱ्यांदा वाजवताना दार थोडं आत गेलं. चार बोटांवर अडेल म्हणून मी थांबलो. अडलं नाही. उघडत गेलं. साखळी चौकटीला लोंबत होती, लावलेलीच नव्हती.

आत टायपिंगच्या क्लासच्या वेळची ती लाकडी खुर्ची दिसली, दाराकडं तोंड करून ठेवलेली. तिच्यात बाई बसल्या होत्या. नवं कोरं पातळ, केस विंचरलेले. समोर स्टुलावर मोकळी जागा करून ठेवलेली. मान किंचित कलली होती. हात मांडीवर होते. बोटं हलत नव्हती.

लगेच आत गेलो नाही. त्या घरात कुणी विचारल्याशिवाय जात नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, हातात गरम किटली, पाठीमागं सगळ्या गल्लीची खटाखट.

“मी हाय, बाई,” म्हटलं. “चहा आणलाय. तुम्हीच सांगितलंत.”

मग चपला काढल्या आणि आत गेलो.